मामाबरोबर मॅचला पाठवू का?

‘मावशी, नमस्कार.

माझं माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापुरातच. चालत गेलं तर वीस मिनिटं. पण मधे फुटबॉल आहे. इथले संघ तालमींचे. माहेर एका तालमीचं, सासर दुसरीचं. लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी माझ्या भावाला मुद्दाम त्यांच्या तालमीच्या रंगाचा फेटा बांधला होता. तो फेटा घालून भाऊ वरातभर नाचला. तेव्हा सगळे हसले होते.

यंदा सेमीफायनलला दोन्ही तालमी समोरासमोर आल्या. मॅच टायब्रेकरवर गेली, माहेरची तालीम हरली आणि गॅलरीतनं बाटल्या आल्या. पाण्यानं भरलेली एक बाटली आमच्या गल्लीतल्या बारा वर्षांच्या पोराला लागली. भुवईवर तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरला. टाकणाऱ्याचं तोंड दिसत नाही, हात दिसतो आणि हातातलं कडं दिसतं. ते कडं भावाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मीच घेऊन दिलंय. नवऱ्यानंही ते ओळखलं.

पोलिसांनी माहेरच्या तालमीतल्या बावीस पोरांना बोलावून घेतलं. त्यातला एक त्या दिवशी सांगलीला परीक्षा देत होता. भाऊ यादीत नाही. तो नोकरीवरनं थेट मॅचला गेला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. जर्सीतली पोरं यादीत आली. मी विचारलं तर म्हणतो, “मी एकटाच न्हवतो. सगळेच टाकत होते. आधी त्येंनीच शिव्या दिल्या.” नवरा म्हणतो, “तुमच्या पेठेतले सगळेच तसले. मॅच बघायला येतच नाहीत, राडा करायला येतात.” मी चिडून म्हटलं, तुमच्यातले काय संत आहेत?

मुलगा आठ वर्षांचा आहे. मामानंच त्याला बॉल मारायला शिकवला. पुढच्या महिन्यात नवी स्पर्धा सुरू होतेय आणि मामानं त्याला मॅचला न्यायचं कबूल केलंय. नवरा म्हणतो, माझा पोरगा त्या गॅलरीत पाय ठेवणार नाही. काल रात्री पोरानं विचारलं, “आई, मामा वाईट आहे का?” मला काही बोलता आलं नाही. पाठवू का? आणि भावाचं काय करू?

— दोन्हीकडची’

दोन्हीकडचे,

पत्रात तू दोन्ही तालमींची नावं लिहिली होतीस. ती मी काढून टाकली. एक तर मला अजून कोल्हापुरात यायचं-जायचं असतं. आणि दुसरं म्हणजे, नावं छापली असती तर निम्म्या वाचकांनी पत्र पुरतं वाचायच्या आधीच निकाल लावला असता. ‘हां, ते होय! मग बरोबर आहे.’ तुझ्या घरात सध्या तेच चाललंय.

आधी उत्तर देते, कारण पोरगं वाट बघत असणार. पाठव. पण भावानं त्याच्या वाटणीचं काम केल्यावर. आणि एकट्या मामाबरोबर नको, बापालाही बरोबर घेऊन. कसं, ते सांगते.

तुझं पत्र वाचताना मी एका शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ‘सगळेच.’ भाऊ म्हणतो, सगळेच टाकत होते. नवरा म्हणतो, सगळेच तसले. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, पण शब्द मात्र एकच वापरतायत. एक गर्दीच्या आड लपतोय, दुसरा गर्दीला धरून झोडपतोय. तो एक हात आणि ते एक कडं दोघांनाही बघायचं नाहीये. बघितलं तर भावाला कबूल करावं लागेल. आणि नवऱ्याला उरलेल्या पेठेवरचा राग सोडावा लागेल. तो राग त्याला आता जरा आवडायलाही लागला असावा, असं मला वाटतं. आवडतो गं असला राग. अंगाला ऊब देतो.

अशा वेळी मला इंग्लंडमधलं लिव्हरपूल आठवतं, ते शहर आणि त्याचा फुटबॉल क्लब. कोल्हापूरच्या बाईनं लिव्हरपूलचं काय घेऊन बसावं? पण वर्ल्डकप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लावून आपल्या गल्ल्या भांडतात, तेव्हा कुणी असं विचारत नाही. शिवाय त्या एका क्लबच्या लाल जर्सीत तुझा भाऊही आहे आणि सांगलीला परीक्षा देणारं ते पोरही आहे. चार वर्षांच्या अंतरानं.

29 मे 1985. ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. स्टेडियम मोडकळीला आलेलं, दोन बाजूंच्या प्रेक्षकांमध्ये कोंबड्याही अडणार नाहीत असली जाळी. मॅच सुरू व्हायच्या आधी लिव्हरपूलचे प्रेक्षक जाळी पाडून शेजारच्या भागावर धावून गेले. तिथले लोक मागं सरकत भिंतीपाशी चेंगरले आणि भिंत कोसळली. 39 माणसं मेली, बहुतेक इटालियन. जुनाट स्टेडियम ही आयोजकांची चूक होतीच. पण धावून गेलेले पाय लिव्हरपूलवाल्यांचे होते, यात वाद नाही. पुढं बेल्जियमच्या कोर्टात त्यांच्यातल्या 14 जणांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबित झाला. त्या 14 जणांनीही त्या दिवशी स्वतःशी ‘सगळेच पळत होते’ असंच म्हटलं असणार. इंग्लंडच्या सगळ्या क्लबांना युरोपच्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर ठेवलं गेलं, लिव्हरपूलला सहा.

त्या काळात इंग्लंडमध्ये ‘फुटबॉलचा प्रेक्षक’ हा शब्दच शिवीसारखा झाला होता. पोरं मैदानात घुसतात म्हणून स्टँडच्या पुढं लोखंडी जाळ्या ठोकल्या होत्या. त्याच 1985 साली चेल्सी क्लबच्या अध्यक्षांनी तर आपल्या मैदानाच्या जाळीत वीज सोडायची तयारी केली होती, गुरांना आवरायला सोडतात तशी. लंडनच्या कौन्सिलनं परवानगी नाकारली म्हणून ते राहिलं. माणसाला तिकीट विकायचं आणि गोठ्यात उभं करायचं, असा एकूण कारभार.

मग 15 एप्रिल 1989. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना जे टोक दिलं होतं तिथं फिरती दारं मोजकीच, बाहेर गर्दी तुंबली. पोलिसांच्या प्रमुखानं एक मोठं गेट उघडायला सांगितलं. आत गेल्यावर समोरच एक बोगदा होता, आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत उघडत होता. ते आधीच खच्चून भरलेले. बाजूचे कोंडवाडे मोकळे होते, पण तिकडं वळवायला कुणी उभं नव्हतं. मागून लोक येत राहिले आणि पुढचे जाळीवर दाबले गेले. जीव वाचवायला काही जण जाळी चढून मैदानात उतरायला लागले, तेव्हा पोलिसांना पहिल्यांदा काय वाटलं माहितीये? की ही पोरं मैदानात घुसतायत. तीन वाजून सहा मिनिटांनी मॅच थांबली. प्रेक्षकांनीच जाहिरातींच्या फळ्या उचकटून त्यांचे स्ट्रेचर केले आणि माणसं वाहून नेली. त्या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज 97 आहे. सगळ्यांत लहान पोरगं दहा वर्षांचं होतं. तुझ्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठं.

इथून पुढचं खास तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव.

गेट आपण उघडायला लावलं हे त्या पोलीस अधिकाऱ्यानं लपवलं. प्रेक्षकांनी जबरदस्तीनं गेट उघडलं, असं त्यानं त्याच दुपारी सांगितलं. चार दिवसांनी ‘द सन’ या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे मारले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. मेलेल्यांच्या रक्तात दारू किती होती हे तपासलं गेलं, लहान मुलांच्यासुद्धा. त्या दहा वर्षांच्या पोराच्या घरच्यांना काय वाटलं असेल, विचार कर.

आणि लोकांना ते पटलं. का पटलं? कारण चार वर्षांपूर्वीचं हेझेल सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. ‘लिव्हरपूलचे होय? मग बरोबर आहे.’ 1989 च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनं पोलिसांच्या नियोजनावर बोट ठेवलं होतं, तरी खोटं काही मरेना. 2012 मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. पोलिसांच्या 164 जबान्या बदलल्या होत्या, आणि त्यांपैकी 116 मधून पोलिसांना अडचणीची वाक्यं काढली किंवा फिरवली होती, असं त्यात निघालं. 2015 मध्ये त्या अधिकाऱ्यानं साक्षीत कबूल केलं की आपण खोटं बोललो. 2016 मध्ये ज्यूरीनं निर्णय दिला की ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सत्तावीस वर्षं लागली. तोवर कितीतरी आयाबाप ‘तुमचीच पोरं दारू पिऊन आली होती’ हे ऐकत म्हातारे झाले, काही गेलेही. लिव्हरपूलमध्ये आजही ‘द सन’ हातात न धरणारी माणसं आहेत.

हेझेलला धावलेले आणि हिल्सबरोला मेलेले वेगळे होते. जर्सी तेवढी एक होती. धावून गेलेल्यांचं बिल जाळीवर चिरडलेल्यांच्या नावानं फाटलं. तुझ्या भावाचं बिल सध्या त्या परीक्षेच्या पोराच्या नावानं फाटतंय.

त्याच्या शर्टाबद्दल तू लिहिलंस, तेव्हा मला आणखी एक आठवलं. इंग्लंडमध्ये मारामाऱ्या करणाऱ्या टोळ्या खरोखरच होत्या. त्यांना ‘फर्म’ म्हणत. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या टोळीचं नाव ‘इंटर सिटी फर्म’. पोलिसांचा पहारा प्रेक्षकांसाठी सोडलेल्या खास गाड्यांवर असायचा, म्हणून ही मंडळी साध्या इंटर-सिटी गाडीनं जायची. गळ्यात क्लबचा मफलर नाही, अंगावर महागडे इटालियन स्वेटर. ज्याला बडवलं त्याच्या अंगावर आपलं छापील कार्ड टाकून जायची, ‘अभिनंदन, तुमची आमच्या फर्मशी गाठ पडली’ अशा मजकुराचं. पोलीस शोधत होते मफलरवाले. खरा राडेबाज पलीकडच्या फलाटावर सभ्य कपड्यांत उभा. इस्त्रीचा शर्ट यादीत आला नाही, याचं मला म्हणूनच काही नवल वाटलं नाही. अशी यादी निरपराध माणसाला पकडते हे तर झालंच, ती अपराध्याला सोडूनही देते.

तुझा भाऊ टोळीवाला नाही, हे मला कळतं. त्याला हरल्याचं दुःख झालं, बाजूच्यांनी टाकल्या म्हणून त्यानंही टाकली. पण ज्याच्या भुवईला टाके पडले त्याला या फरकाचा काय उपयोग?

आता भावाचं काम. पहिल्यांदा त्यानं त्या पोराच्या घरी जायचं. एकट्यानं. तालमीतल्या थोरल्यांना पुढं घालून नाही, पेढ्यांचा पुडा घेऊन नाही आणि ‘मिटवून टाकूया’ असं म्हणायला तर मुळीच नाही. दारात उभं राहून सांगायचं की बाटली मी टाकली. दवाखान्याचा खर्च द्यायचा. त्यांनी दार लावून घेतलं तर परत यायचं. त्यांनी माफ करावं ही अपेक्षा घेऊन जाऊ नये. पोराशी बोलू दिलं तर खाली बसून, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलावं.

मग वकील. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण ‘खरं बोलायला वकील कशाला’ म्हणणारे आपल्याकडं खूप. वकिलाला सगळं सांगावं आणि त्याला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जावं. नोकरीवर परिणाम होऊ शकतो. ते त्याच्यापासून लपवू नकोस, आणि ‘काही होणार नाही रे’ असा खोटा धीर देऊ नकोस. तो म्हणेल, सगळे गप्प आहेत, मीच का मरू? त्याला विचार, सांगलीला परीक्षा देणारं पोर कुणाच्या वाट्याचं मरतंय? ते पोरही त्याच्याच पेठेतलं आहे. पेठेचा अभिमान असेल तर तो दाखवायला याहून चांगली जागा नाही.

तो तयार झाला नाही तर? तर मुलाला त्याच्याबरोबर पाठवू नकोस. आणि का पाठवत नाहीस ते त्याला तोंडावर सांग. व्हिडिओतलं कडं तुला ओळखू आलंय हेही सांग. पोलिसांकडं तू स्वतः जायचं का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेला मला दिसला. भावाला आठ दिवस दे. आठ दिवसांनीही परीक्षेचं पोर ठाण्यात खेटे घालत असेल तर त्याच्या हॉलतिकिटाचं काम तू कर. त्या दिवशी तो सांगलीत होता हे दाखवायला त्याच्या घरच्यांना मदत कर. एवढं तरी भावाचं नाव न घेताही करता येतं. पुढचं तुला तेव्हा कळेल.

नवऱ्याकडं वळते. त्याच्याशी बोलताना सुरुवात ‘तुमच्यातले काय संत आहेत’ इथून करू नकोस. ते वाक्य म्हणजे भावाच्या ‘आधी त्येंनीच शिव्या दिल्या’ची धाकटी बहीण. सुरुवात इथून कर की तुमची भीती बरोबर आहे. बरोबरच आहे ती. त्या गॅलरीतनं बाटल्या आल्या आणि आपल्या गल्लीतल्या पोराचं कपाळ फुटलं. आठ वर्षांच्या मुलाच्या बापानं घाबरू नये तर काय करावं? हे आधी मान्य कर, मनापासून. मग थांब. लगेच ‘पण’ लावू नकोस. चहा कर वाटल्यास.

मग त्याला विचार की त्या पेठेतली किती माणसं तुम्ही नावानं ओळखता. सासरे, सासूबाई, वरातीत तुमच्याच तालमीचा फेटा घालून नाचलेला मेहुणा, लग्नात आचाऱ्याला हाताशी धरून पंगती उठवणारे शेजारी. यातला ‘तसला’ कोण? मेहुणा म्हणेल. म्हणू दे. एक नाव आलं ना? एका नावावर बोलता येतं. पेठेवर नुसतं भांडता येतं.

‘त्यांना स्टेडियमवर येऊच देऊ नये’ असंही तो म्हणत असेल. हा उपाय जगात बऱ्याच ठिकाणी करून झालाय. इंडोनेशियात मलंग शहरातल्या कांजुरुहान स्टेडियममध्ये 1 ऑक्टोबर 2022 ला अरेमा आणि पर्सेबाया या हाडवैऱ्यांची मॅच होती. वैर इतकं की पर्सेबायाच्या समर्थकांना आत सोडलंच नव्हतं. अरेमा हरली, त्यांचे प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही गॅलरीच्या दिशेनं. दारांशी चेंगराचेंगरी होऊन 135 माणसं मेली. त्या स्टेडियममध्ये समोरच्या पेठेचं कुणीच नव्हतं गं.

इंग्लंडनं पुढं वेगळं केलं. हिल्सबरोनंतर जाळ्या काढल्या, वरच्या दर्जाच्या मैदानांवर प्रत्येकाला बसायला खुर्ची दिली. प्रेक्षकांना सरसकट ओळखपत्रं द्यायचा सरकारचा बेत बारगळला. आणि गुन्हा केलेल्या माणसावर, त्या एका माणसावर, मॅचला यायची बंदी घालायची पद्धत बसवली. तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत. तुझ्या भावानं या हंगामात आपण होऊन स्टेडियमच्या बाहेर राहायचं ठरवलं तर मला आवडेल. पण तसं झालं तर तुझ्या मुलाची मॅचही गेली. तेव्हा ही शिक्षा भाच्याबरोबरच्या त्या एका मॅचनंतर सुरू करावी की आधी, हे मामानं आणि बापानं बसून ठरवावं. तेवढ्यानिमित्तानं दोघं बसतील तरी.

आता माझंही सांगते. पुण्यात आमची वरची एक खोली आम्ही भाड्यानं देतो. तीनेक वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता, कोल्हापूरचा, स्वच्छ, बोलायला नम्र. सगळं जमत आलं. मग बोलता बोलता तो म्हणाला की तालमीकडनं खेळतो आणि हंगामात शनिवार-रविवार मॅचसाठी गावी जातो. मी यजमानांना विचारून सांगते म्हटलं आणि खोली दुसऱ्याला दिली. यजमानांना विचारलंसुद्धा नाही. मी! जिच्या वडलांनी तिला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर नेलं होतं. दादा घरात कुणाला ‘अरे’ म्हणायचे नाहीत. स्टेडियमवर मात्र पंचाला असं काही बोलायचे की मी खांद्यावर बसल्या बसल्या त्यांचे कान झाकायचे, माझे झाकायचं सुचायचं नाही. घरी येताना भेळ खायची आणि आईला शिव्या सांगायच्या नाहीत, असा आमचा करार होता. त्या पोरानंही कधीतरी कुणाला तरी खांद्यावर घेतलं असेल. खोली देताना मला ते आठवलं नाही.

चुरस वाईट नाही. कोल्हापुरात तिला ईर्षा म्हणतात आणि तो शब्द तिथं शिवी नाही. ईर्षा नसती तर तालमीतालमींत भर दुपारी पोरं घाम गाळत बसली नसती, आणि 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव दिसला नसता. ईर्षेत चिडवणं येतं, रंग येतो, फेटा येतो. कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकलं की त्यांच्या घरी हिलसा शिजते आणि मोहन बागान जिंकलं की कोळंबी. अशा दोन घरांत सोयरिकी होतात आणि जन्मभर एकमेकांच्या ताटावरनं टोमणे चालतात. त्याच कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांच्या मॅचमध्ये दंगल झाली आणि 16 प्रेक्षक मेले. तिथं दर वर्षी त्या तारखेला त्यांच्या आठवणीत रक्तदान करतात. आणि ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर, बंदोबस्त देता येणार नाही म्हणून या दोघांची मॅच रद्द झाली, तेव्हा दोन्हीकडचे समर्थक मॅच नसतानाही आपापल्या जर्सीत स्टेडियमबाहेर जमले आणि एकत्र न्याय मागत उभे राहिले. एका डॉक्टर मुलीसाठी.

लिव्हरपूलमध्येही तुझ्यासारखी घरं भरपूर. शहरात दोन क्लब, लाल लिव्हरपूल आणि निळं एव्हर्टन. दोघांच्या तेव्हाच्या मैदानांच्या मधे एक बाग, स्टॅन्ली पार्क. एकाच घरात बाप निळा, लेक लाल. हिल्सबरोनंतरच्या शनिवारी लोकांनी त्या बागेतून एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत मफलरला मफलर बांधत नेले, लाल आणि निळे. दुर्घटनेनंतर पाच आठवड्यांनी एफए कपची फायनल झाली, तीही नेमकी या दोघांतच. लिव्हरपूल 3-2 नं जिंकलं. निळ्यांनी त्या दिवशी मॅच सोडली नाही, ते जिंकायलाच खेळले. मला ते फार आवडतं.

तर मॅचचं असं कर. तिघांनी जायचं, मुलगा, बाप, मामा. मुलाला मधे बसवायचं. जागा नवऱ्यानं निवडायची, बाहेर पडायच्या वाटेजवळची, आणि त्यावर मामानं ‘इथनं काय दिसतंय’ अशी कुरकुर करायची नाही. टायब्रेकर सुरू झाला की मुलाला घेऊन उठायचं आणि उरलेलं मोबाइलवर बघायचं, निदान या वर्षी. पहिली बाटली किंवा पहिला दगड दिसला की वाद न घालता बाहेर. कुणी टाकला हे बाहेर आल्यावर बघायचं. पाणी न्यायचंच तर पिशवीत छोटी बाटली, ती संपली की पुन्हा पिशवीत. मामा शिव्या देणारच. मुलाच्या कानावर हात ठेवायचं काम बापाला दे.

आणि पोराच्या प्रश्नाचं उत्तर आज रात्रीच दे, टाळू नकोस. मामानं त्या दादाला बाटली मारली, ते वाईट केलं. मामा ते सांगायला त्यांच्या घरी जाणार आहे, गेला की मी तुला सांगेन. एवढंच. ‘मामा वाईट नाही हं’ असं घाईघाईनं जोडू नकोस. मामा जाऊन आला की पोराला आपोआप कळेल. नाही गेला, तर तेही कळेल.

त्या दिवशी त्यानं जर्सी कुठल्या तालमीची घालायची, हे मात्र मला विचारू नकोस. मी कुठल्या पेठेची हे तुला कळेल.

— मावशी